तेरा नंबरचा पाना

२००९ च्या एप्रिल महिन्यात, बडोद्याचा पारा ४२ अंशांना टेकलेला असताना, मी जवळजवळ आठवडाभर रावपुऱ्यातल्या प्रत्येक वळणावर वायपर चालू करत होते. कोरड्या काचेवरून रबर कर्रकर्र करत फिरे, मागचा रिक्षावाला गोंधळून हॉर्न वाजवी आणि शेजारी बसलेले हे काहीही न बोलता खिडकीबाहेर पाहत राहत. आमची आधीची गाडी जपानी वळणाची होती. तिच्यात वळण्याचा दिवा लावण्याची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे होती. नव्याने घेतलेली, म्हणजे खरे तर जुनीच घेतलेली, ओपल कोर्सा युरोपीय रीतीची असल्यामुळे तिची ती दांडी डावीकडे आणि वायपरची उजवीकडे. गाडी बदलली तरी हात बदलत नाहीत, आणि आमच्या घरात या गाडीवरून आधीच पुष्कळ बोलून झालेले असल्यामुळे वायपरबद्दल ह्यांनी मौन पाळले, हे मी त्यांचे उपकारच समजते.

बोलणे कशावरून झाले होते, ते सांगायला हवे. आमच्यापाशी गाडीसाठी दीड लाख रुपये होते. तेवढ्यात एखादी पाच-सहा वर्षे वापरलेली छोटी गाडी आली असती, जिचे सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि जी विकायला काढली की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभे राहते. त्याच पैशांत २००३ सालची, चार दारांची, मोठ्या डिकीची कोर्सा मिळत होती, कारण ओपल हे नाव कंपनीने २००६ मध्ये भारतातून मागे घेतले होते आणि ज्या गाडीचे नावच बाजारातून उठले तिचा भाव कोण देणार? ह्यांचे म्हणणे असे की पांढरा हत्ती स्वस्तात मिळाला तरी त्याचा चारा स्वस्त होत नाही. माझे म्हणणे असे की भाव पडण्याचे कारण बाजारात आहे, गाडीत नाही. दोघांचेही खरे होते, हे कळायला पुढची काही वर्षे जावी लागली.

गाडीचे मालक कलाभवनातून, म्हणजे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेतून, निवृत्त झालेले प्राध्यापक होते. बडोद्याचे जुने लोक त्या विद्याशाखेला अजूनही सयाजीराव महाराजांच्या काळच्या नावानेच ओळखतात. डोळ्यांच्या आजारामुळे त्यांनी गाडी चालवणे सोडले होते. मी ऐकून ठेवल्याप्रमाणे गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे ना ते पाहिले, कारण विकणारे कधी कधी गिऱ्हाईक येण्याआधी गाडी गरम करून तिचे सकाळचे रडगाणे लपवतात. ऑइलचे झाकण उघडून त्याच्या आत ताकासारखा पांढरट थर नाही ना, तेही पाहिले. सर खुर्चीवरून हे सगळे शांतपणे बघत होते. मग त्यांनी एक जाडजूड फाइल पुढे सरकवली. त्यात प्रत्येक सर्व्हिसचे बिल होते आणि सोबत एक वही होती, जिच्यात तारीख, किलोमीटर आणि भरलेले पेट्रोल अशा तीन रकान्यांत सहा वर्षे नोंदलेली होती.

“तुम्ही काय शिकवता?” त्यांनी विचारले.

“फिजिक्स, सर. अकरावी-बारावीला.”

“मग पट्टा आणि पाणी एवढंच सांभाळा. बाकीचं गाडी स्वतः बघून घेईल.”

व्यवहार १,४०,००० रुपयांना ठरला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घेतला गेला, काकूंनी भाकरवडीची बशी दुसऱ्यांदा पुढे केली, आणि मी गाडी बाहेर काढायला बसले तेव्हा मला रिव्हर्स पडेना. सर हळूहळू चालत खिडकीपाशी आले. गिअरच्या मुठीखाली एक कडे असते, ते दोन बोटांनी वर उचलल्याशिवाय दांडा रिव्हर्सच्या घरात जात नाही. पुढे जाताना चुकून मागचा गिअर पडू नये म्हणून केलेली ती सोय आहे. त्यांनी हात आत घालून ते कडे उचलून दाखवले आणि हात तसाच क्षणभर तिथे राहू दिला. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते आत वळले होते.

आता ही गाडी युरोपीय खरी किती, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. ओपल जर्मनीतली. रुसेल्सहाइम या गावी १८६२ मध्ये ॲडम ओपल यांनी शिवणयंत्रे बनवण्यापासून सुरुवात केली. मोटारी १८९९ मध्ये आल्या. (त्याच १८६२ साली आपल्याकडे खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची रेल्वे टाकली होती आणि तिचे डबे आरंभी बैल ओढत. जर्मनीत शिवणयंत्र, बडोदे संस्थानात बैलगाडीची रेल्वे. पुढे दोन्हीकडे इंजिन आले.) १९२९ मध्ये ओपलचा मोठा हिस्सा अमेरिकेच्या जनरल मोटर्सने घेतला. कोर्सा ही छोटी गाडी १९८२ पासून स्पेनमध्ये सारागोसाजवळच्या कारखान्यात बनू लागली; तिच्या पुढच्या पिढीला, म्हणजे आमच्या गाडीच्या पिढीला, मागची डिकी ब्राझीलमध्ये जोडली गेली. आणि आमची गाडी प्रत्यक्षात जन्मली ती हालोलला, बडोद्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर, पावागडाच्या पायथ्याशी, जिथे जनरल मोटर्सने १९९६ पासून आधी ओपल ॲस्ट्रा आणि नंतर कोर्सा बनवली. म्हणजे जिला सगळे परदेशी म्हणून घाबरत होते, ती आमच्या घरापासून सकाळी निघून दुपारी जेवायला परत येता येईल इतक्या अंतरावरची होती. आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांना यात नवल वाटू नये. पुण्याचे नातेवाईक आम्हाला गुजराती समजतात, इथले शेजारी पिढ्यानपिढ्या दक्षिणी म्हणत आले, आणि मतदार यादीत मात्र आमचा पत्ता दांडिया बाजारचाच असतो.

घराजवळच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा या परकेपणाचे माप मला अगदी मिलिमीटरमध्ये कळले. तिथला मुलगा हुशार होता, पण दिवसभर त्याच्या हाताखालून मारुती आणि ह्युंदाई जायच्या. आठ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टचे डोके जपानी मानकाप्रमाणे १२ चे असते, जर्मन मानकाप्रमाणे १३ चे. दहाच्या बोल्टचे जपानी डोके १४ चे, तर जुने जर्मन १७ चे. त्याच्या डब्यात दुतोंडी १२-१३ चा पाना होता. त्याचे बाराचे तोंड वापरून वापरून चांदीसारखे चकाकत होते आणि जबडा थोडा फाकलाही होता. तेराच्या तोंडावरचा मुलामा मात्र दुकानातून आणल्यासारखा शाबूत होता. त्या दिवशी त्याने सवयीने चौदाचा आणि बाराचा पाना हातात घेतला, दोन्ही खाली ठेवले आणि डोके खाजवत म्हणाला, “बेन, आमां तो बधे तेर नंबर छे.” काही स्क्रूंना तर पान्याची डोकीच नव्हती, सहा पाकळ्यांच्या ताऱ्यासारखी खाच होती. त्यातल्या एकावर त्याने चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर ठोकून बसवला आणि ताऱ्याची फुलासारखी गोल वाटी करून टाकली. तो स्क्रू पुढे सात वर्षे तसाच होता.

मी मात्र त्या मुलाला दोष देण्याच्या स्थितीत फार दिवस राहिले नाही, कारण त्याच्यापेक्षा मोठी चूक मी केली. सरांनी बजावलेल्या दोन गोष्टींपैकी पट्टा मी वेळेवर बदलला होता. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका तालात ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. कित्येक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सगळा संसार मोडतो. या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे शहाणा माणूस दोन्ही एकदमच बदलतो. ते मी केले. पण कूलंटची पातळी थोडी खाली दिसली की मी बोअरिंगच्या पाण्याचा तांब्या ओतत असे. हिरवे पाणी महाग आणि पाणी ते पाणी, असा काहीसा विचार मनात असावा. कूलंट हे नुसते पाणी नसते. त्यातल्या ग्लायकॉलमुळे ते उशिरा उकळते, आणि त्यात मिसळलेली द्रव्ये आतल्या धातूंना गंजापासून वाचवतात. आमच्या बोअरिंगच्या पाण्याने किटलीत जसे पांढरे पुट धरते तसेच ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरत गेले.

२०११ च्या मे महिन्यात सुरतेहून परतताना भरूचच्या नर्मदेच्या पुलाआधी त्या काळची नेहमीची वाहनांची रांग लागली होती. एसी चालू, गाडी इंचाइंचाने पुढे, आणि तापमानाचा काटा लाल पट्टीला लागलेला. तिथेच इंजिन बंद करायला हवे होते. मी विचार केला, पूल ओलांडला की ढाबा आहे, तिथे थांबू. पूल ओलांडेपर्यंत बॉनेटखालून पांढरी वाफ येऊ लागली होती.

या इंजिनाचा खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. दोहोंच्या मध्ये एक पातळ गॅस्केट असते, जिने तेल, पाणी आणि जळता वायू यांना वेगवेगळे ठेवायचे असते. तापमान हाताबाहेर गेले की हेड वाकते, गॅस्केट हार मानते आणि ऑइलच्या झाकणाखाली तो ताकासारखा थर जमतो, जो मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या गाडीत शोधत होते. प्रसरणाचे गुणांक मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले होते. लोखंडापुढे १२, ॲल्युमिनियमपुढे २३, आणि त्यापुढे दहाचा ऋण सहावा घात. त्या वर्षी तो धडा शिकवताना मुलांना काही वेगळे जाणवले असेल की नाही, मला माहीत नाही, मला जाणवले.

गाडी टो करून आणली आणि या प्रसंगामुळेच मला आमचे मिस्त्री भेटले. आजवा रोडच्या आतल्या बाजूला पत्र्याची शेड, दोन मुले हाताशी, आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने, ज्यांतला १३ चा सगळ्यांत झिजलेला. हालोलच्या कारखान्यात ते काही वर्षे जुळणीच्या ओळीवर होते, दारे बसवण्याच्या कामावर. माझ्या गाडीचे ड्रायव्हरच्या बाजूचे दार त्यांनी उघडले, अर्धे सोडून दिले, ते आपल्या वजनाने धप्प करून बसले तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, “आ दरवाजो कदाच में ज लगाड्यो हशे.” खरे असेल किंवा नसेलही. पण त्या आवाजाची फुशारकी मारणारे घरात आजवर मी एकटी होते, तिला एक साक्षीदार मिळाला.

हेड लेथवाल्याकडून घासून सपाट करून आणले, गॅस्केट दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून मागवले. खर्च १८,५०० रुपये आला आणि दिवस तेवीस लागले. या गाडीचा हिशेब मी सरांच्याच वहीत पुढे चालू ठेवला होता. त्या महिन्यात मी तिला चौथा रकाना आखला, थांबण्याच्या दिवसांचा. पुढे तो रकाना पाहताना लक्षात आले की पैशांच्या आकड्यांनी मी कधीच फारशी हबकले नव्हते. वर्षाकाठी सरासरी जो खर्च होई तो नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांएवढा होता. माणसाला थकवते ते थांबणे. गाडी शेडमध्ये उघडी पडलेली, एक रबरी नळी कोणत्या शहरात आहे त्याचा शोध चाललेला, आणि आपण शाळेच्या रिक्षात मुलांबरोबर दाटीवाटीने बसलेलो. हत्तीच्या चाऱ्याबद्दल ह्यांचे चुकले होते ते एवढेच, की चारा महाग नव्हता, तो दूर होता.

हे अंतर मिस्त्रींनी कमी केले, आणि ते ज्या युक्तीने केले ती मला फार आवडते. दुकानात जाऊन ओपलचा वॉटर पंप मागितला की दुकानदार मान हलवत असे. मिस्त्री मागत ते देवू सिएलोचा. सिएलो ही कोरियन कंपनीची गाडी, पण ती ओपलच्याच कॅडेटवरून बेतलेली आणि तिचे इंजिन त्याच घराण्यातले. ती बनली उत्तर प्रदेशात, खपली देशभर, त्यामुळे तिचे काही सामान दुकानांच्या मागच्या फळ्यांवर धूळ खात पडलेले असे. लग्न जुळवणाऱ्या मावश्या जशा आडनाव वेगळे असले तरी गोत्र बरोबर ओळखतात, तसे मिस्त्री सुट्या भागांचे गोत्र ओळखत. शेजारच्या गृहस्थांकडे फियाट पुंटो होती. तिचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन फियाटचे, पण तेच इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या व्हिस्टामध्येही बसलेले असल्यामुळे त्यांचे फिल्टर कोणत्याही गावी मिळत. ते गृहस्थ माझ्याकडे दयेने पाहत. पुढे २०१९ मध्ये भारतात फियाटच्या गाड्या बनणे थांबले तेव्हा ते मिस्त्रींचा पत्ता विचारायला आले.

२०१७ हे वर्ष मिस्त्रींच्या शेडमध्ये जरा उदास होते. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस हालोलच्या कारखान्यातले उत्पादन थांबले, वर्षअखेरीपर्यंत जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणेही बंद केले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी त्यांनी जर्मनीतली ओपलही फ्रेंच कंपनीला विकून टाकली. माझी गाडी दोन्हीकडून एकदमच पोरकी झाली. मिस्त्रींचे जुने सोबती संध्याकाळी शेडमध्ये येऊन बसत, कोणाचे वय पंचेचाळीस, कोणाचे पन्नास, आणि पुढे काय, यावर बोलून झाले की गप्प राहत. त्या संध्याकाळी माझ्या गाडीच्या सामानाचा विषय काढायची मला लाज वाटली. नंतर तो कारखाना चिनी कंपनीने घेतला आणि २०१९ पासून तिथून एमजी या इंग्रज नावाच्या गाड्या निघू लागल्या. जर्मन नावाची अमेरिकन मालकीची, इंग्रज नावाची चिनी मालकीची. पावागडाने आता कशाचेच आश्चर्य मानू नये.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा आमच्या सोसायटीत पाणी शिरले. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला चावी लावायची नसते. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही, आणि फिरू पाहणाऱ्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आमच्या गाडीत पाणी चाकांच्या मध्याच्या थोडेसे वर येऊन थांबले होते. मी बॅटरीची तार काढून ठेवली आणि चार दिवस तिला हात लावला नाही. मग मिस्त्रींच्या मुलाने सीटा काढल्या, जमिनीवरचे गालिचे काढले, आणि ते गच्चीवर दोऱ्यांना लटकले असताना सोसायटीतल्या बायका विचारून गेल्या की एवढे कसले धुणे काढले. ती गाडी आठव्या दिवशी चालू झाली. खालच्या मजल्यावरच्या, पुष्कळ इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या दोन नव्या गाड्या क्रेनने उचलून नेल्या, त्या परत आल्या नाहीत. यात फुशारकीचे काही नाही. त्या उतारावर सखल बाजूला उभ्या होत्या आणि माझी चढाच्या बाजूला.

गाडीची नोंदणी २०१८ मध्ये पंधरा वर्षांनी नवी केली, नंतर २०२३ मध्ये ५,००० रुपये भरून पुन्हा. २०२८ मध्ये ती वीस वर्षांच्या पुढची म्हणून १०,००० भरावे लागतील. दरम्यान पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले, जे जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून गेल्या वर्षी इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलून घेतल्या. त्या वेळी थांबण्याच्या रकान्यात फक्त दोन दिवस लिहिले. ह्यांनी वही बघितली, दोनावर बोट ठेवले आणि पहिल्यांदाच विचारले की पुढच्या महिन्यात पुण्याला हिनेच जायचे का?

दिवाळीच्या आधी सोसायटीच्या भिंती रंगवायला काढल्या होत्या. माझा पाय मुरगळलेला असल्यामुळे रंगाऱ्याच्या हाताखालचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा चावी घेऊन गेला आणि म्हणाला, मीच गाडी मागे घेतो. बऱ्याच वेळाने खालून गिअर करकरल्याचा आवाज आला, मग इंजिन बंद पडले, मग हाक आली, “मासी, आमां रिवर्स क्यां छे?”

मी गॅलरीतून वाकून दोन बोटे वर उचलून दाखवली. त्याला कळेना. शेवटी कठड्याला धरून, लंगडत, एकेक पायरी उतरत मी खाली गेले आणि खिडकीतून हात आत घातला.